आजीच्या आईचं नाव

एक छोटी परीक्षा घेऊया. आई-बाबांची नावं मनातल्या मनात म्हणा. आता चारही आजी-आजोबांची. इथपर्यंत बहुतेक सगळे पास होतात. आता तुमच्या चार पणज्यांची नावं सांगा. हो, चार. आईकडच्या दोन आणि बाबांकडच्या दोन.

अडकलात ना? मीही अडकले होते. पणजोबांची नावं आठवतात, कारण आजोबांचं पूर्ण नाव लिहिताना मध्ये त्यांच्या वडिलांचं नाव येतंच. पणजीचं नाव मात्र कुणाच्याच नावात नसतं. ती गेली, तिला ओळखणारी माणसं गेली, की नावही जातं.

आजचा लेख अशाच एका नावाच्या शोधाबद्दल आहे. माझ्या आजीच्या आईच्या. आणि तो वाचून झाल्यावर तुम्हीही तुमच्या घरातल्या एखाद्या हरवलेल्या माणसाच्या मागे लागाल, अशी माझी आशा आहे.

एक रिकामा चौकोन

आम्ही इंदूरला राहतो. आजोबा नोकरीसाठी इथे आले आणि इथलेच झाले. आजीचं माहेर नाशिक जिल्ह्यातल्या एका लहान गावातलं.

गेल्या वर्षी दादाच्या मुलीला शाळेतून प्रोजेक्ट मिळाला. फॅमिली ट्री काढून आणायचा. तिसरीतली पोर चार्ट पेपर घेऊन आजीसमोर बसली. एकेक चौकोन भरत गेला. "पणजी, तुझ्या आईचं नाव काय?" आजीने एक नाव सांगितलं, पोरीने ते लिहिलं, पुढचा चौकोन सुरू झाला.

रात्री मी आजीच्या पायाला तेल लावत होते. आजी हळूच म्हणाली, "मघाशी जे नाव सांगितलं ना, ते माझ्या सावत्र आईचं. तिनंच वाढवलं मला. सख्ख्या आईचं नाव मला ठाऊक नाही."

मला वाटलं, विसरली असेल. पण ती विसरली नव्हती. तिला ते कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आणि तिने विचारलं का नाही, तेही त्या रात्री कळलं. गावात लहानपणापासून तिला एकच गोष्ट ऐकवली गेली होती. "ही जन्मली आणि आई गेली. पांढऱ्या पायाची आहे." ज्या मुलीला हे ऐकत मोठं व्हावं लागतं, ती आईबद्दल प्रश्न कशी विचारणार?

ब्याऐंशी वर्षांची बाई. चार नातवंडं, एक पणती. आणि मनात अजून तीच गोष्ट. मी ठरवलं, निदान नाव तरी शोधायचं.

आधी कागद नाही, आधी माणूस

वंशावळ शोधायची म्हटलं की आपण लगेच इंटरनेट उघडतो. माझंही तसंच झालं. पण खरी सुरुवात घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापासून होते. आणि त्यांना "नाव काय, साल काय" असं विचारून फार काही हाती लागत नाही. ते परीक्षेसारखं होतं आणि माणूस गप्प होतो. त्यापेक्षा विचारा, दिवाळीला कुणाकडे जायचात? मामाचं गाव कुठलं? लग्नात मामाच्या जागी कोण उभं होतं? घरात कुठलं श्राद्ध व्हायचं?

शेवटच्या प्रश्नाला आजी थांबली. म्हणाली, "पितृपक्षात नवमीला आई एका सवाष्णीला जेवायला बोलवायची. ओटी भरायची. दर वर्षी. एकदाही चुकवलं नाही."

भाद्रपद वद्य नवमी म्हणजे अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी, सवाष्ण म्हणून गेलेल्या बायकांसाठी हा दिवस पाळतात. म्हणजे आजीची सावत्र आई दर वर्षी आपल्या सवतीच्या नावाने पान वाढत होती. घरात जिचं नाव कुणी काढत नव्हतं, तिची आठवण वर्षातून एक दिवस स्वयंपाकघरात ठेवली जात होती. आजीने ते सवाष्णीचं पान लहानपणी किती वेळा पाहिलं असेल. ते कुणासाठी आहे, हे मात्र तिला आज कळत होतं.

घरातल्या रीती हासुद्धा एक दस्तऐवजच असतो. तो आधी वाचा.

पहिला कागद: फेरफार

आजीचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, १९७१ मध्ये गेले. त्यांची थोडी शेती होती. जमीन असलेला माणूस वारला की त्याच्या वारसांची नोंद होते आणि त्यावरून फेरफार निघतो. सातबारावर नावं का बदलली, याची हकीकत या फेरफारात असते. कोण गेलं, कधी गेलं, मागे कोण कोण राहिलं. म्हणून सातबारापेक्षा फेरफार जास्त बोलका.

महाराष्ट्र सरकारने अनेक जिल्ह्यांतले जुने सातबारे, आठ-अ आणि फेरफार स्कॅन करून 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर ठेवले आहेत. नाशिक जिल्हा त्यात आहे. जिल्हा, तालुका, गाव, कागदाचा प्रकार आणि गट किंवा सर्व्हे नंबर, एवढं माहीत असलं की शोधता येतं. गट नंबर आम्हाला गावातल्या काकांनी दिला. काका म्हणजे आजीच्या सावत्र भावाचा मुलगा, बाबांचे मामेभाऊ.

इंदूरमध्ये बसून, फोनवर, पन्नासेक वर्षांपूर्वीच्या तलाठ्याचं अक्षर वाचताना फार गंमत वाटली. वारसांमध्ये विधवा पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलगी म्हणजे आजी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावंही वारसांत यायला लागली होती, म्हणून ती दिसली. आजीच्या नावापुढे तीन शब्द होते. "पहिल्या बायकोची मुलगी."

म्हणजे पहिली बायको होती, एवढं सरकारी कागदाने मान्य केलं. पण ती कोण, हे त्या कागदाला लिहावंसं वाटलं नाही.

दुसरा कागद: गावची जन्म-मृत्यूची वही

आता मृत्यूची नोंद शोधायची होती. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा आहे. पण त्याच्या कितीतरी आधीपासून गावोगावी जन्म आणि मृत्यू वहीत लिहिले जायचे. बोलीभाषेत त्या वहीला 'कोतवाल बुक' म्हणतात, काही ठिकाणी 'गाव नमुना १४' म्हणूनही ती ओळखली जाते. जुन्या वह्या बहुतेक ठिकाणी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ पासून राज्यात ही जुनी दप्तरं मोठ्या प्रमाणावर उघडली गेली आणि बऱ्याच जिल्ह्यांनी सापडलेल्या नोंदी आपल्या संकेतस्थळांवर टाकल्या. त्यामुळे 'कोतवाल बुक' हा शब्द आज अनेकांच्या तोंडी आहे. पूर्वी तो फक्त वकील आणि तलाठ्यांना माहीत असायचा.

मी आणि बाबा रात्रीच्या बसने गेलो. अर्ज केला, ओळखपत्राची प्रत जोडली. गावाचं नाव आणि अंदाजे साल लिहिलं. आजीच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९४३ होती, म्हणून आम्ही त्याच सालच्या मृत्यूच्या नोंदी मागितल्या. आजी जन्मली तेव्हाच आई गेली ना? मग साल तेच असणार.

१ जूनबद्दल एक सांगायला हवं. तुमच्याही घरात दोन-तीन माणसांचा वाढदिवस १ जूनला येत असेल. तो योगायोग नाही. पूर्वी शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी अंदाजाने साल धरायचे आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून १ जून लिहून टाकायचे. त्यामुळे शाळेचा दाखला वयाचा अंदाज देतो, नेमका दिवस देतोच असं नाही.

१९४३ ची पानं चाळली. पणजोबांच्या घरातला एकही मृत्यू नव्हता. पण त्याच सालच्या जन्माच्या नोंदींत, ऑगस्ट महिन्यात, पणजोबांचं नाव सापडलं. बापाचं नाव, जात, आणि मुलाच्या रकान्यात फक्त "मुलगी". नाव नाही. जन्माची खबर द्यायच्या वेळी बारसं झालेलं नसायचं, म्हणून या वह्यांमध्ये कितीतरी मुलं अशी बिननावाची आहेत.

ही आजीच होती. पण मग आई?

तिथल्या बाईंनी विचारलं, "पुढची साल बघायची का?" आम्ही १९४४ बघितलं. काही नाही. १९४५ मध्येही नाही. बाबा म्हणाले, कदाचित नोंदच झाली नसेल. मग १९४६ चं पहिलंच पान उघडलं आणि जानेवारीत, पाच दिवसांच्या आत, एकाच घरातल्या तीन नोंदी सापडल्या.

आधी एक जन्म. पणजोबांचं नाव, मूल मुलगा.

दोन दिवसांनी एक मृत्यू. पणजोबांचं नाव लिहून पुढे "याची बायको". वय वीस. कारण, बाळंतरोग.

आणखी दोन दिवसांनी दुसरा मृत्यू. "मुलगा, वय ४ दिवस."

मी त्या ओळी तीनदा वाचल्या. बाबा खुर्चीत मागे टेकून बसले. आमच्या दोघांच्याही डोक्यात एकच हिशोब चालला होता. ऑगस्ट १९४३ ते जानेवारी १९४६. आई गेली तेव्हा आजी जवळजवळ अडीच वर्षांची होती.

आई बाळंतपणातच गेली, हे खरं होतं. पण ते आजीचं बाळंतपण नव्हतं. आजीला एक भाऊ झाला होता, चार दिवसांचा. त्याचं नावही ठेवायचं राहिलं. आई गेली, भाऊ गेला, मागे फक्त मुलगी उरली. आणि गावाने दोन बाळंतपणं एकत्र करून एकच गोष्ट बनवली. बाळंतीण गेली, पोरगी जगली, म्हणजे पोरीमुळेच गेली. कुणी मुद्दाम खोटं बोललं असेल असं नाही. लोकांच्या आठवणीत तारखा राहत नाहीत, गोष्टी राहतात. म्हणून तर वह्या लागतात.

घाई नको म्हणून आम्ही आणखी एक गोष्ट तपासली. १९४० ते १९४६ या काळात त्याच नावाच्या बापाच्या घरी दुसरी मुलगी जन्मल्याची नोंद आहे का, आणि त्याच नावाचा दुसरा माणूस गावात होता का? दोन्ही नाही. शाळेचं साल, जन्माची नोंद आणि फेरफार एकमेकांशी जुळत होते. तुम्हीही एवढं कराच. एका कागदावर विश्वास ठेवायचा नाही. दोन-तीन कागद जुळले की मग म्हणायचं, हे आपलंच माणूस.

नाव मात्र अजून नव्हतं. जन्माच्या वहीत ती नव्हती, मृत्यूच्या वहीत ती "याची बायको" होती.

तिसरा कागद: रामकुंडावरची वही

निघताना काका म्हणाले, "अस्थी नाशिकला नेल्या असतील. आपल्या गुरुजींकडे बघू."

हा रस्ता आपल्या सगळ्यांसाठी खुला आहे, पण आपण तो विसरलो आहोत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया, हरिद्वार अशा ठिकाणी तीर्थोपाध्यायांच्या घरी पिढ्यान्पिढ्यांच्या वह्या असतात. यात्रेला किंवा क्रियाकर्माला आलेल्या यजमानाने आपलं, बापाचं, आजोबांचं, भावांचं, मुलांचं नाव त्यात लिहायचं. पुढच्या पिढीतला कुणी आला की मागच्यांची अक्षरं त्याला दाखवायची आणि खाली त्याचं नाव लिहून घ्यायचं. गावांची आणि घराण्यांची वाटणी ठरलेली असते. रामकुंडाजवळ जाऊन आडनाव, जात आणि मूळ गाव सांगितलं की दोन-चार ठिकाणी विचारत विचारत तुम्ही तुमच्या उपाध्यायांपर्यंत पोहोचता. मूळ गाव सांगायला विसरू नका. नुसत्या आडनावावर ते काही सांगू शकत नाहीत.

गुरुजींनी कापडात बांधलेल्या लांबट वह्या काढल्या. मागची पानं मोडीत होती, पणजोबांच्या काळातली बाळबोध अक्षरात. एका पानावर शके १८६७, पौष महिना अशी नोंद दिसली. मी शकात ७८ मिळवले. १९४५ आलं. म्हणजे पुन्हा साल चुकलं! गुरुजी हसले. म्हणाले, "शकाचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं. जानेवारीनंतरच्या नोंदीला ७९ मिळवायचे." १८६७ अधिक ७९, म्हणजे १९४६. पौष. जानेवारी.

खाली पणजोबांचं अक्षर होतं. ते चौथीपर्यंत शिकलेले. मोठी, वेडीवाकडी अक्षरं. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, गाव. मग "पत्नी मयत", आणि त्यापुढे नाव. नुसतं नाव नाही, सासरचं नाव आणि त्यानंतर "माहेरचे नाव" असं लिहून ते दुसरं नावसुद्धा. शेवटच्या ओळीत, "कन्या १". आणि आजीचं पाळण्यातलं नाव.

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत होती, अजूनही काही घरांत आहे. त्यामुळे एका बाईची दोन नावं होतात आणि कागदावर बहुतेक वेळा दोन्ही सापडत नाहीत. पणजोबांनी दोन्ही लिहिली होती. आयुष्यभर घरात एक शब्द न बोललेल्या माणसाने, बायकोच्या अस्थी आणल्या त्या दिवशी, तिचं लहानपणीचं नाव आठवून लिहून ठेवलं होतं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. आजी म्हणाली, "इतक्या वर्षांनी मिळालंय. आधी घरात तर वापरू दे."

आजीला सांगितलं तेव्हा

घरी आल्यावर तिला आधी नाव सांगितलं. तिने ते दोन-तीनदा स्वतःशीच म्हणून बघितलं. मग मी तिन्ही नोंदी सांगितल्या, तारखांसकट. भावाबद्दलही.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "मी किती वर्षांची होते म्हणालीस?"

"अडीच."

"अडीच वर्षं," आजी म्हणाली. "म्हणजे तिने माझी वेणी घातली असेल. मी चालायला लागलेली बघितलं असेल तिनं."

मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही. तिने दादाच्या मुलीला हाक मारली आणि म्हणाली, "तो तुझा तक्ता आण बरं." चार्ट पेपर कपाटावर गुंडाळून ठेवला होता. आजीने आधीचं नाव खोडू दिलं नाही. "तीपण माझी आईच आहे," म्हणाली. त्या चौकोनाशेजारी दुसरा चौकोन काढला. आणि खाली, स्वतःच्या शेजारी, एक छोटा चौकोन. नाव नसलेला. भावाचा.

तुम्ही कुठून सुरुवात कराल?

प्रत्येकाचा रस्ता वेगळा असतो, पण काही पायऱ्या सगळ्यांना उपयोगी पडतात.

घरातल्या वस्तू आधी बघा. तांब्या-पितळेच्या जुन्या भांड्यांवर नावं कोरलेली असतात, कुणाकडून कुणाला, कधीकधी तारखेसह. लग्नपत्रिका, पोथीचं पहिलं पान, जुन्या फोटोची मागची बाजू, बँकेचं पासबुक, पेन्शनचे कागद, सगळं फोनमध्ये टिपून ठेवा.

मोठ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करा, पण त्यांना विचारून. एकदम तासभर नको. रोज पंधरा मिनिटं पुरतात.

घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे का, ते विचारा. मराठी घराण्यांचे असे बरेच ग्रंथ निघाले आहेत. त्यांची मांडणी बहुधा मुलांच्या बाजूने असते, हे लक्षात ठेवा. पणजीला शोधायचं असेल तर तिच्या माहेरच्या घराण्याचा कुलवृत्तांतही बघा. सासरच्या पुस्तकात ती एका ओळीत येते, माहेरच्या पुस्तकात तिला भाऊ-बहिणी असतात.

जमिनीचे कागद, शाळेचं जनरल रजिस्टर, जन्म-मृत्यूच्या वह्या आणि तीर्थक्षेत्राच्या वह्या, या चार ठिकाणी बहुतेक कुटुंबं सापडतात. बहिणींची नावं हक्कसोडपत्रात हमखास मिळतात. हक्क सोडताना तरी त्यांचं नाव लिहावंच लागतं!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आणि त्याआधीच्या कागदांसाठी मोडी लागते. मोडी सलग लिहिली जाते, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक बहुधा पाळत नाहीत. म्हणून पहिल्यांदा ती अशक्य वाटते. पण ही आपलीच भाषा आहे, फक्त अक्षर वेगळं. मोडीचे वर्ग निघतात, आणि मोडी वाचून देणारे जाणकार जिल्ह्याच्या गावी भेटतात. अगदी जुन्या कागदांसाठी पुण्याचं पेशवे दप्तर आणि १९१० मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे.

तुमचं मूळ कुठलं, यावर कागदाची भाषा ठरते. मराठवाड्यातले निजामकाळातले कागद उर्दूत असतात आणि त्यांत फसली साल असतं. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतं. तंजावरच्या मराठी घराण्यांसाठी सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचा मोठा साठा आहे. गोव्यात पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदी सापडल्या तर भाग्य समजा, कारण त्यांत मुलाच्या दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावंही लिहिलेली असतात.

आणि तुमच्या घराण्यातलं कुणी कोकणातून मॉरिशसला गेल्याचं ऐकलं असेल, तर मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत करारावर गेलेल्या मजुरांच्या नोंदी जपल्या आहेत. प्रत्येकाला एक नंबर, सोबत बापाचं नाव, गाव, जहाज. गंमत बघा. जो माणूस सगळं सोडून समुद्रापार मजुरीला गेला, त्याची उंचीसुद्धा लिहून ठेवली आहे. आणि जी बाई आयुष्यभर एकाच घरात राबली, तिचं नावही नाही.

एक सावधगिरी. शोधताना असं काहीतरी सापडू शकतं, जे घराने लपवलेलं असतं. दुसरं लग्न, दत्तक, सोडून दिलेली बायको, नाव टाकलेला मुलगा. सापडल्या सापडल्या फॅमिली ग्रुपवर टाकू नका. ज्याच्या आयुष्याशी त्याचा संबंध आहे, त्याला आधी एकट्याला सांगा. ऐकायचं की नाही, हेही त्याला ठरवू द्या.

आपली ओळ

महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आता मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असं लिहितात. बातमी आली तेव्हा मी ती नुसती वाचून पुढे गेले होते. आता वाटतं, ऐंशी वर्षांनी कुणी नात शोधायला निघाली, तर तिला तीन खेपा घालाव्या लागणार नाहीत.

पण मागच्यांचं काय? ते काम आपलं आहे.

रामकुंडावर गुरुजींनी वही बंद करण्याआधी काकांपुढे पेन ठेवलं. "आता तुमची ओळ लिहा." काकांनी स्वतःचं नाव लिहिलं, भावांची, मुलांची लिहिली. मग थांबले, काकूंचं नाव लिहिलं, दोन्ही मुलींची लिहिली. माझ्याकडे बघून म्हणाले, "आमच्या आत्याची नात आहे ही. हिचं लिहिलं तर चालेल ना?"

गुरुजी म्हणाले, "जागा आहे की."

तर आज रात्री जेवताना फोन बाजूला ठेवा आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला एवढंच विचारा, "तुझ्या आईचं माहेरचं नाव काय होतं?" उत्तर आलं तर लगेच लिहून ठेवा. नाही आलं, तर कुठे जायचं ते तुम्हाला आता माहीत आहे.